हार्प्सिकॉर्डच्या शेजारी व्हायोल ऐकू येत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात पियानो शिकलात, आता जर्मनीत नोकरी करता, आणि गेलं वर्षभर बास व्हायोल (यालाच गांबा म्हणतात; गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं जुनं युरोपीय वाद्य) वाजवणाऱ्या दोन मित्रांबरोबर हार्प्सिकॉर्डला, म्हणजे पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या कीबोर्डवाद्याला, बसता. पहिल्या कार्यक्रमासाठी दोन गोष्टी निवडल्या आहेत: फ्रेंच व्हायोलवादक मारँ मारेच्या पहिल्या पुस्तकातली दोन व्हायोलांची डी मायनर सूट (नृत्यांच्या तुकड्यांची मालिका) आणि बाखची गांबा व हार्प्सिकॉर्ड यांची जी मेजर सोनाटा, म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतली क्रमांक १०२७. तालमीचं रेकॉर्डिंग आईला पाठवलंत तर ती म्हणाली, “तुझंच सगळं ऐकू येतंय, ते दोघं नुसते गुणगुणतात.” शिवाय तिसरा तुकडा येईपर्यंत सूर हलतो. आता एक मित्र म्हणतो झाकण बंद कर, दुसरा म्हणतो माइक लावू, आणि कुणीतरी व्हायोल सोडून चेलो घ्या असंही सुचवलंय.

आईचं म्हणणं मी जसंच्या तसं खरं धरतो. ज्यांना या संगीताचा कागद ठाऊक नसतो, त्यांना नेमकं काय ऐकू येतं तेवढंच ऐकू येतं. तुम्ही मात्र ओळ पाठ असल्यामुळे व्हायोल मनातच भरून काढता.

मी बावीस वर्षं नेदरलँड्समध्ये हार्प्सिकॉर्डवर कंटिन्युओ, म्हणजे बासच्या ओळीवरच्या आकड्यांवरून करायची साथ, वाजवतो आहे, आणि त्याआधी पुण्यात गाण्याला पेटीची साथ करत होतो. दोन्हीकडच्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या दोन तक्रारी मला एकच वाटतात. व्हायोल दबतं त्याचं अर्धं कारण तुमच्या उजव्या हातात आहे आणि अर्धं सूर लावण्यात. वाद्याच्या दुबळेपणाला मी फार शेवटी हात लावीन. अर्थात तुमचं हार्प्सिकॉर्ड कुठल्या घडणीचं आहे, खोली केवढी आहे, व्हायोलला खरी तात (आतड्याची तार) आहे की कृत्रिम तारा, हे मला दिसत नाही. त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर’ म्हणावंच लागेल.

आधी वाद्यांचा स्वभाव. व्हायोलची पोटपट्टी पातळ, पाठ सपाट, तारा तातेच्या आणि त्यांच्यावर ताण कमी. साधारण सहा तारा. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खर्जाला सातवी जोडली गेली, आणि तिचं श्रेय व्हायोलवादक सँत-कोलोंबला देतात. गज सारंगीसारखा तळहात वर करून धरतात, त्यामुळे व्हायोलिनच्या उलट इथे गज आत ढकलतानाचा हात वजनदार आणि ओढतानाचा हलका असतो. आता तुमचं वाद्य. पट्टी दाबली की जॅक नावाची लाकडी काडी उचलली जाते आणि तिच्यातली नखी तार छेडते. नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या काडीची असायची, आता बहुधा प्लास्टिकची. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानोवरून आलेला माणूस साथ करताना ‘हळू’ वाजवायला जातो, आणि इथे हळू वाजवण्याची सोयच नाही. तुमच्या हातात राहतं ते एवढंच: किती स्वर वाजवायचे, कुठल्या सप्तकात, किती वेळ धरायचे, आणि नेमके कुठल्या क्षणी.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. हार्प्सिकॉर्डचा स्वर जन्मतो तोच पूर्ण ताकदीने आणि लगेच विरू लागतो. व्हायोलचं उलटं: गज तारेला पकडतो, ‘त’ किंवा ‘द’सारखं एक व्यंजन उमटतं आणि मग स्वर फुलतो. आपले कान वाद्य ओळखतात ते बरंचसं या सुरुवातीच्या व्यंजनावरून. तुमचे सहा-सात स्वर त्याच क्षणी एकदम पडले की ते व्यंजन झाकलं जातं. मागून फुललेला स्वर ऐकू येतो खरा, पण कुणी बोलतंय असं वाटत नाही. आई म्हणाली ते ‘गुणगुणणं’ हेच.

शिकत होतो तेव्हा एका दगडी चर्चमध्ये फोर्क्रे या फ्रेंच व्हायोलवादकाच्या सूटला मी साथ केली होती. बासच्या आकड्यांतला प्रत्येक स्वर दोन्ही हातांनी भरून, दोन्ही रजिस्टर, म्हणजे तारांचे दोन्ही संच, जोडून. गांबावाला मित्र कार्यक्रमानंतर एवढंच म्हणाला, की त्याला स्वतःचा गज ऐकू येत नव्हता. पेटीच्या साथीत मी असं कधी केलं नव्हतं. गायक स्वर लावतोय त्या क्षणी पेटी मागे, तो श्वास घेतो तिथे पेटी पुढे, हे हातात मुरलेलं होतं. छापलेला कागद समोर आल्यावर ते मी विसरलो, आणि ती संध्याकाळ मला अजून बोचते.

म्हणून पहिला उपाय. डाव्या हाताचा बास गजाबरोबर टाका आणि उजव्या हाताचे स्वर त्यानंतर, खालून वर, उलगडत सोडा. व्हायोलचं व्यंजन आधी कानावर पडेल आणि तुमचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्याच्या पाठीमागे उभा राहील. किती उशिरा, हे लयीवर आहे. साराबांद या संथ नृत्यात भरपूर जागा मिळते, जीग या जलद नृत्यात जवळजवळ नाही. तिथे कॉर्ड उलगडण्यापेक्षा गाळणं बरं.

दुसरा उपाय स्वरांच्या संख्येचा. मारेचं पहिलं पुस्तक १६८६ साली निघालं ते कंटिन्युओच्या भागाशिवाय. तो भाग १६८९ मध्ये छापला गेला. तुमच्यासारख्याने ही तारीख लक्षात ठेवावी, कारण व्हायोलच्या ओळींत स्वतःची सुरावट किती भरलेली आहे ते तिच्यावरून कळतं. दोन-तीन तारांवरचे कॉर्ड व्हायोल स्वतःच वाजवतं आहे. तेच स्वर तुम्ही पुन्हा वाजवलेत तर भर काहीच पडत नाही, धूर होतो. तुमच्या सूटमध्ये आणखी एक अडचण आहे: दोन्ही व्हायोल वरच्या ओळींत गुंतलेली, म्हणजे बास धरून ठेवायला तिसरं व्हायोल नाही. तो भार एकट्या तुमच्या डाव्या हातावर आहे, म्हणून डावा हात कमी करू नका. उजव्या हातात बहुतेक जागी दोनच स्वर ठेवा आणि तो व्हायोलांच्या वर जाऊ देऊ नका. बास व्हायोलची ओळ मध्य आणि मंद्र सप्तकांत चालते. तुमचा हात तिच्या वर गेला की ऐकणाऱ्याला तीच मुख्य चाल वाटते.

हे काही माझं डोकं नाही. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याच्या कीबोर्डवादनावरच्या ग्रंथाचा दुसरा भाग १७६२ साली आला, तो मुख्यतः साथीवरच आहे. चार स्वरांची साथ, तीन, दोन, आणि नुसत्या बासची साथ असे प्रकार तो वेगवेगळे हाताळतो. चार स्वर हा नियम आहे असं मानणाऱ्याने ते जरूर वाचावं. आणि हार्प्सिकॉर्ड मंद्रात किती गडद, रेशमी वाजतं हे हाताला कळायला हवं असेल तर फोर्क्रेचे तुकडे एकट्याने वाजवा. त्याच्या मुलाने १७४७ मध्ये ते व्हायोलसाठी आणि हार्प्सिकॉर्डसाठी अशा दोन्ही रूपांत प्रसिद्ध केले. हार्प्सिकॉर्डच्या रूपातही ते बरेचसे खालीच ठेवलेले आहेत. महिनाभर ते वाजवलंत की उजवा हात आपोआप खाली राहू लागेल.

बाखच्या सोनाटाला मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे तुम्ही साथीला नाही, जुगलबंदीत आहात. उजवा हात, गांबा आणि डावा हात अशा तीन समान ओळी आहेत, आणि तुमच्या ओळी बाखने पूर्ण लिहून दिल्या आहेत. हेच संगीत दोन बासऱ्या आणि कंटिन्युओसाठीही आहे (१०३९). त्यातली एका बासरीची ओळ इथे सप्तकभर खाली उतरून गांबाकडे आली आहे. म्हणजे एकाच चालीचे दोन गायक, एक वरच्या सप्तकात आणि एक त्याच्या खालच्या. वरच्याला निसर्गतःच फायदा मिळतो. इथे स्वर गाळता येत नाहीत, तेव्हा धरण्याचा वेळ बदला. गांबाकडे विषय, म्हणजे मुख्य चाल, असेल तेव्हा तुमचे स्वर थोडे सुटे, तोडून वाजवा, की मधल्या फटींतून गांबा दिसेल. विषय तुमच्याकडे आला की स्वर एकमेकांवर टेकवून, जोडून वाजवा. हार्प्सिकॉर्डवर ‘मोठा’ आणि ‘लहान’ आवाज प्रत्यक्षात असा होतो. या सोनाटात दुसऱ्या व्हायोलने तुमच्या बासला दुजोरा द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी देऊ देणार नाही. तीन सारख्या ओळींपैकी एकच जाड झाली की तोल जातो.

रजिस्टरचं थोडक्यात. दोन कीबोर्डांचं वाद्य असेल तर आठ फुटी (लिहिलेल्या सप्तकातच वाजणाऱ्या) तारांचे दोन संच आणि चार फुटी (सप्तकभर वर वाजणारा) एक असेल. चार फुटी संच या कार्यक्रमात बंदच ठेवा. मारेला एकच आठ फुटी, आणि शक्यतो खालच्या कीबोर्डचा, कारण तो टोकापासून दूर छेडला जातो आणि गोल वाजतो. वरचा जास्त अनुनासिक असतो आणि व्हायोलच्या रंगाशी भांडतो. बाखला दोन हात दोन कीबोर्डांवर ठेवून पाहा, काही वाद्यांवर फार सुंदर बसतं. एक संच तरीही टोचत असेल तर कारागिराकडून नख्या किंचित तासून घेता येतात. तासलेलं परत वाढत नाही, म्हणून हे काम त्यालाच करू द्या.

झाकण बंद करायचा सल्ला मला पटत नाही. आवाज थोडा कमी होतो, पण जातो तो नेमका वरचा स्पष्टपणा, आणि राहतो तो खालचा गोंगाट, जो व्हायोलच्याच सप्तकात आहे. मी बहुधा झाकण पूर्ण काढून ठेवतो. मग आवाज प्रेक्षकांवर न आपटता वर जातो. वाद्याची शेपटी प्रेक्षकांकडे, तुम्ही त्यांच्याकडे तोंड करून, आणि दोन्ही व्हायोल शेपटीच्या दोन बाजूंना, तुमच्यापेक्षा पुढे. वाजवणाऱ्यांची तोंडं किंचित आत, म्हणजे गज एकमेकांना दिसतात. व्हायोलखाली गालिचा असेल तर काढा. लाकडी फळी असलेली जागा शोधा. एवढ्या एका बदलाने आईचं मत बदलण्याची शक्यता बरीच आहे.

आता सूर. इथे जरा जास्त थांबतो, कारण हे आपल्या कानांना लवकर कळतं आणि तरी बरेच जण ते ट्यूनरच्या दिव्यावर सोडून देतात.

पियानोवर किंवा पेटीवर षड्जापासून गंधार ४०० सेंट असतो (शेजारच्या दोन स्वरांतलं अंतर १०० सेंट). तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६. चौदा सेंटांचा हा फरक हिंदुस्तानी गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला लगेच टोचतो. पेटीवर आपल्याकडे आक्षेप घेतले गेले त्यात स्थिर, ठराविक स्वरांचा हा मुद्दाही होता, आणि आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीस वर्षं ती बंदही होती. तुमच्या हार्प्सिकॉर्डला ही अडचण नाही, कारण ते दर वेळी तुम्हीच लावता. आणि या तालमीत ते समान अंतरांत लावून ठेवलं असेल, तर गांबावाल्याने खुल्या तारांच्या आधाराने लावलेला शुद्ध गंधार आणि तुमचा चढा गंधार यांच्यात सतत घासाघीस होणार. लाटा उठतात, व्हायोलचे उपस्वर पुसले जातात. दोघांचे गंधार एकमेकांवर बसले की तेच व्हायोल, त्याच खोलीत, मोठं वाजतं. हे मी इतक्या वेळा अनुभवलंय, की नव्या गटाबरोबर बसलो की आवाजाबद्दल बोलण्याआधी मी गंधार तपासतो.

मग सगळे गंधार शुद्ध का लावत नाही? कारण कीबोर्डवर प्रत्येक काळी पट्टी एकच आहे. ई फ्लॅट आणि डी शार्प या दोन वेगळ्या श्रुती आहेत, ई फ्लॅट चढी, डी शार्प उतरी, आणि पट्टी एकीलाच न्याय देते. तुमचा कार्यक्रम नेमका इथे अडतो. मारेच्या डी मायनरला ई फ्लॅट लागतो. बाखच्या सोनाटातला अंदान्ते ई मायनरमध्ये आहे, त्याला डी शार्प हवा. दोन मार्ग आहेत. पूर्वार्ध सहावा-कॉमा मीनटोनमध्ये, म्हणजे पंचम किंचित उतरवून गंधार शुद्धाजवळ आणणाऱ्या पद्धतीत, लावायचा आणि मध्यंतरात ई फ्लॅटच्या पट्ट्या तेवढ्या उतरवायच्या. पाच सप्तकांच्या वाद्यात अशा पाच पट्ट्या, दोन आठ फुटी संच धरून दहा तारा, म्हणजे पाच मिनिटांचं काम. किंवा संपूर्ण कार्यक्रम वालोत्तीसारख्या मध्यममार्गी पद्धतीत लावायचा. त्यात एफपासून बीपर्यंतचे सहा पंचम किंचित उतरे आणि उरलेले सहा शुद्ध असतात. पहिल्या कार्यक्रमाला मी वालोत्ती सुचवीन. मारेचा रंग थोडा फिका पडेल, पण मध्यंतरातली धांदल टळेल.

व्हायोललाही यात भाग घ्यावा लागतो. त्याचे सात पडदे तातेचे, दांड्यावर बांधलेले, सरकवता येणारे. आपल्या सतारीच्या पडद्यांसारखीच सोय, फक्त इथे एक पडदा सगळ्या तारांखालून जातो. पहिला पडदा पाहा: डी तारेवर तो ई फ्लॅट देतो, ए तारेवर बी फ्लॅट, ई तारेवर एफ. हे तिन्ही चढे हवेत, म्हणजे पडदा वरच्या टोकापासून दूर हवा. पण जी आणि सी तारांवर तोच पडदा जी शार्प आणि सी शार्प देतो, जे उतरे हवेत, म्हणजे पडदा टोकाजवळ. या दोन तारा शेजारीशेजारी आहेत, म्हणून पुष्कळ वादक त्यांच्याखाली तातेचा एक छोटा जादा पडदा चिकटवतात. मीनटोन निवडलंत तर तो लागेल. वालोत्तीत पडदा थोडा सरकवून भागतं. मित्रांना विचारा, ते पडदे कशाच्या आधाराने लावतात. ट्यूनरवर समान अंतरांनी, असं उत्तर आलं तर तुमच्या तक्रारीचं मूळ सापडलं.

क्रम असा ठेवा. आधी हार्प्सिकॉर्ड पूर्ण लावा. मग व्हायोलच्या खुल्या तारा तुमच्या स्वरांवर, एक एक करून. मग पडदे, तुमच्या गंधारावर कान ठेवून. दुसऱ्या व्हायोलने पहिल्यावरून सूर घेऊ नये, त्यानेही तुमच्याकडूनच घ्यावा.

पट्टीबद्दल, म्हणजे मूळ सुराच्या उंचीबद्दल, एक सूचना. बरोक संगीताला आज बहुधा ए हा स्वर ४१५ हर्ट्झवर लावतात, म्हणजे त्यांची पांढरी सहा आपल्या पेटीवरच्या काळी चारला येते. फ्रेंच संगीताला पुष्कळ जण ३९२ घेतात, ती पांढरी पाच. मारे ३९२ वर विलक्षण गडद वाजतो, पण ४१५ साठी घेतलेल्या तारा तिथे सैल पडतात आणि आवाज आणखी बसतो. जाड तारांचा संच नसेल तर मोह टाळा. आणि हार्प्सिकॉर्डचा कीबोर्ड सरकवून ४४० वरून ४१५ वर आणत असाल तर लक्षात घ्या, की स्वरांची नावं तारांवरून एक घर सरकतात, सूर लावण्याची पद्धतही तितकीच सरकते. डी मायनरसाठी नीट लावलेलं वाद्य सरकवल्यावर भलत्याच जागी गोड आणि भलत्याच जागी कडू लागतं. सरकवा, आणि मगच लावा.

तिसऱ्या तुकड्यापर्यंत सूर हलण्याचं साधं कारण बहुधा उष्णता आणि हवेतली ओल. दिव्यांखाली धातूच्या तारा तापून उतरतात, आणि तात व लाकूड ओलीनुसार आपापल्या वाटेने जातात. जर्मनीतल्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोल्या फार कोरड्या होतात. वाद्यं निदान दोन तास आधी त्या जागेत ठेवा. दिवे आधीपासून, कार्यक्रमात असतील तसेच, लावून मगच सूर लावा. पाच सप्तकं आणि तीन संच म्हणजे १८३ तारा. मला पाऊण तास लागतो. तुम्ही दीड तास धरा, आणि त्या वेळात खोलीत कुणी बोलणार नाही असं आयोजकांशी आधीच ठरवा.

माइकबद्दल: शंभर-दीडशे माणसांच्या बऱ्या खोलीत नको. मारे १६७९ पासून राजाच्या खासगी दालनातल्या वादकांमध्ये होता. हे संगीत दालनाच्या मापाचं आहे. अंगणात किंवा मोठ्या सभागृहात वाजवायचं झालं तर माइक लावायला माझी हरकत नाही, पण मग तिन्ही वाद्यांना मिळून दोनच माइक, थोडे दूर. एकट्या व्हायोलला जवळून लावलात तर गजाची खरखर तेवढी मोठी होते.

चेलोचा वाद तर जुना आहे. ह्युबेर ल ब्लाँ याने १७४० मध्ये बास व्हायोलच्या बचावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, व्हायोलिन आणि चेलोच्या आक्रमणाविरुद्ध. चेलो जास्त आवाज देईल यात शंका नाही. पण त्याला चारच तारा, त्याही पंचमांनी लावलेल्या. मारेचे कॉर्ड चौथ्या-चौथ्या सुरांनी, मधे एक तिसरा धरून, लावलेल्या सहा-सात तारांच्या हातातून आलेले आहेत. ते चेलोवर मोडून वाजवावे लागतात आणि ओळीचा श्वास तुटतो. बाखची सोनाटा चेलोवर वाजवतात आणि ती चांगलीही वाजते. मारे तसा वाजलेला ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. तुमच्याकडे दोन व्हायोल आणि ती मनापासून वाजवणारी दोन माणसं आहेत, ती सोडू नका.

पुढच्या तालमीत एवढं करा. सूटमधली साराबांद घ्या. आधी नुसती दोन व्हायोल वाजू द्या आणि तुम्ही खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून ऐका. मग फक्त डावा हात, मग उजव्या हाताचे दोन स्वर, उलगडून. प्रत्येक वेळचं रेकॉर्डिंग फोन त्याच मागच्या भिंतीपाशी ठेवून करा, हार्प्सिकॉर्डवर ठेवून नव्हे. तालमीचं आधीचं रेकॉर्डिंग तुम्ही फोन वाद्यावर ठेवून केलं असेल, तर आईच्या तक्रारीतला काही भाग त्या फोनचाही आहे. तिन्ही रेकॉर्डिंगं तिला पाठवा, कुठलं कुठलं ते न सांगता. आणि मला हार्प्सिकॉर्डची घडण, खोलीची लांबी-रुंदी आणि व्हायोलच्या तारा कुठल्या एवढं कळवा, म्हणजे रजिस्टर आणि तारांबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.